बिनडागाचा शर्ट

१

शर्ट स्वच्छ होता, आणि सगळी भानगड तीच होती.

साहेबांच्या टेबलावर मी पिशवी उपडी केली तेव्हा खोलीत चौघं होतो. तुरुंगाचे अधीक्षक म्हणजे आमचे साहेब, कोर्टानं पाठवलेला कारकून, धुलाईखान्याचा हवालदार आणि मी. मी कपड्यांच्या कोठाराचा प्रमुख. प्रमुख म्हणायचं एवढंच, हाताखाली काळं कुत्रंही नाही. माणूस आत आला की त्याच्या अंगावरचे कपडे उतरवून घ्यायचे, पिशवीत भरून सील लावायचं, त्याला तुरुंगाचे राखाडी कपडे द्यायचे. सुटला की पिशवी परत. मधल्या काळात त्या पिशव्यांचा वास, कसर आणि उंदीर ही माझी डोकेदुखी. कैद्यांवर माझं प्रेम नाही, आणि त्यांच्या कपड्यांवर तर मुळीच नाही. पण माझ्या कोठारातून आजवर एक बनियनसुद्धा हरवलेलं नव्हतं.

टेबलावर पडलेल्या त्या आकाशी शर्टावर छातीपासून पोटापर्यंत पसरलेला लाल डाग असायला हवा होता. लांब्याला आणला त्या दिवशी मी स्वतः तो डाग बघत शर्टाची घडी घातली होती. आता तिथे काहीच नव्हतं.

लांब्या म्हणजे ज्याचा शर्ट तो कच्चा कैदी. ताडमाड उंच, त्यावरून नाव पडलं. त्याच्या घरमालकाला कोणीतरी घरात शिरून भोसकलं होतं, आणि त्याच संध्याकाळी लांब्या लाल डागाचा शर्ट घालून रस्त्यात सापडला. आदल्या दिवशी तो घरमालकाशी सगळ्या चाळीसमोर भांडलेला. लांब्याचं म्हणणं असं, की खुनाच्या वेळी तो गावाबाहेरच्या वेल्डिंगच्या दुकानात खिडकीची जाळी उचलून गाडीत ठेवत होता. लोखंडाला गंज लागू नये म्हणून जो लाल रंगाचा पहिला हात देतात तो ओला होता, आणि जाळी छातीशी धरल्यामुळे शर्टाला लागला. वेल्डिंगवाल्याला म्हणे वार आठवत नव्हता. चाकू हाती लागल्याच्या आनंदात पोलीस शर्ट जप्त करायचंच विसरले. शर्ट माझ्याकडे आला आणि महिनोन्‌महिने पिशवीत पडून राहिला. शेवटी लांब्याच्या वकिलानं अर्ज केला आणि कोर्टानं शर्ट तपासणीला मागवला. डाग रक्ताचा निघाला तर जन्मठेप नक्की. रंगाचा निघाला तर लांब्या घरी. त्याच्याजवळ दुसरा पुरावा नव्हता.

"हाच शर्ट कशावरून?" कारकुनानं विचारलं.

मी कॉलर उलटून दाखवली. आमच्याकडे प्रत्येक कपड्याला आतून पांढरी पट्टी लागते, तिच्यावर कैद्याचा क्रमांक असतो. वरच्या कडेला चार टाके मारले की माझं काम झालं. क्रमांक लांब्याचाच होता, अक्षर माझंच होतं.

"धुतलाय कोणीतरी," हवालदार म्हणाला. हा मनुष्य जिथे बोलायचं नसतं तिथे हटकून बोलतो. "आणि धुलाईखान्यात माझ्या नजरेखालून काही गेलेलं नाही. मी डोळ्यात तेल घालून असतो."

"तुझ्या डोळ्यातलं तेल सगळ्यांना माहीत आहे," मी म्हणालो.

साहेबांनी दोघांनाही गप्प केलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पिशवीचं सील कोण लावतं?"

"मी."

"पट्टी कोण शिवतं?"

"मीच. तुरुंगात सुई म्हणजे हत्यार. माझ्याखेरीज कोणाकडे नसते."

हे मोठ्या तोऱ्यात बोलून गेलो, आणि मग माझ्या ध्यानात आलं की माझ्याच फासाची दोरी मीच वळून दिली होती. साहेब म्हणाले, "उद्या मुख्यालयातून तपास अधिकारी येतायत. कोठाराची किल्ली आत्ताच टेबलावर ठेवा."

२

तपास अधिकारी म्हणून आल्या त्या एक बाई. हडकुळ्या, केस घट्ट बांधलेले, आणि प्रश्न असा विचारायच्या की दोन क्षणांनी टोचायचा. दुपारपर्यंत सगळा तुरुंग त्यांना टाचणी म्हणू लागला. मी तोंडावर 'मॅडम' म्हणत होतो.

"तुमच्यावर संशय आहे हे तुम्हाला माहीत आहे ना?" त्यांनी सुरुवातच अशी केली.

"मॅडम, मला त्या लांब्याचं काय पडलंय? सुटला काय, कुजला काय."

"म्हणजे तुम्ही पैसे घेऊन धुतला असता, प्रेमानं नाही. एवढंच कळलं." त्या उठल्या. "चला, धुलाईखाना दाखवा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण किल्ली त्यांच्या हातात होती, म्हणून मागोमाग गेलो.

आमचा धुलाईखाना म्हणजे एक लांबलचक शेड. एका टोकाला सोडा घालून उकळती भट्टी, मधे दगडी हौद, दुसऱ्या टोकाला दोऱ्या. कामाला जन्मठेपेचे कैदी. त्यांचा मुकादम बगळा. स्वतःचे कपडे पांढरेशुभ्र ठेवतो आणि पाण्यात एका पायावर भार देऊन उभा राहतो. या बगळ्याचं आणि लांब्याचं मध्यंतरी बादलीवरून चांगलंच जुंपलं होतं. लांब्यानं त्याचा दात पाडला होता. मी ही गोष्ट टाचणीबाईंच्या कानावर आवर्जून घातली.

बगळ्यानं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढ्यातला सदरा उलटा करून, खिसे बाहेर ओढून भट्टीत टाकत राहिला.

"सगळे कपडे उलटेच धुता?" बाईंनी विचारलं.

"खिशात काही राहू नये म्हणून. उलटे येतात, उलटे जातात. सरळ करायला आम्ही कोणाचे नोकर नाही."

"आणि इस्त्री?"

बगळा पहिल्यांदा हसला. पडलेल्या दाताची जागा दिसली. "तुरुंगात इस्त्री? उद्या चाकूपण द्या."

बाईंनी पिशवीतून तो आकाशी शर्ट काढून त्याच्यापुढे धरला. "हा तू धुतलास. लांब्यावर राग काढायला."

"राग आहे," बगळा म्हणाला. "पण डोकं पण आहे. सगळे म्हणतात रक्त आहे, मी पण तेच समजत होतो. मग रक्त धुवून मी त्याला वाचवीन कशाला? मला त्याला लटकवायचं असतं तर डागाला माशीसुद्धा बसू दिली नसती. जपला असता मी तो डाग."

आम्ही बाहेर आलो. मला वाटलं, बाईंचा एक संशयित हातचा गेला आणि आता त्या परत माझ्यावर उलटणार. पण त्यांनी शर्ट उजेडात धरला आणि बाहीवरून बोट फिरवलं. खांद्यापासून मनगटापर्यंत कडक, सरळ रेघ होती.

"शर्ट पिशवीत सुलटा होता?"

"सुलटा. नीट घडी घातलेला."

"सुलटा आणि इस्त्री केलेला. मग हा इथे धुतलाच नाही, कोठारवाले. हा तुरुंगाबाहेर जाऊन आलाय."

३

लांब्याला भेटीच्या खोलीत आणलं. तो खुर्चीवर बसेना. भिंतीला टेकून उभा राहिला आणि बाईंच्याऐवजी माझ्याकडे बघत बोलायला लागला.

"किती घेतलेस रे?"

"तोंड सांभाळून बोल."

"माझ्याकडे एकच वस्तू होती. तुझ्या फडताळात. तेवढी तुला राखता आली नाही."

मी उठलो होतो. बाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी बसलो. मग त्या लांब्याला म्हणाल्या, "ओरडून शर्ट परत येणार नाही. तू कोर्टाच्या तारखेला हा शर्ट घालायचास?"

"नाही. वकिलानं ताकीद दिली होती, त्याला हात लावू नको म्हणून. आई दुसरे कपडे देऊन गेली होती, तेच घालायचो. हा पिशवीत खाली तसाच असायचा."

"शेवटचा नीट कधी बघितलास?"

"काढून दिला तेव्हा. नंतर नाही."

"भांडण कशावरून झालं होतं घरमालकाशी?"

"आईला जिन्याखालून उठवत होता. तिची पोट भरायची जागा आहे ती. तिचं सामान त्यानं रस्त्यात फेकलं." लांब्याचा आवाज चढला. "मी म्हणालो, एक दिवस तुला संपवतो. म्हणालो मी. सगळ्यांनी ऐकलं. म्हणून काय मारला मी त्याला?"

"तुझ्या बाजूचं बाहेर कोण आहे?"

"आई. बाकी कोणी फिरकत नाही."

"तिची खात्री आहे तू निर्दोष आहेस म्हणून?"

लांब्यानं बाईंकडे असं बघितलं की जणू त्यांनी पाणी ओलं असतं का असं विचारलं होतं.

"आई आहे ती माझी," तो म्हणाला.

त्याला नेल्यावर बाई वही उघडून लिहीत बसल्या. मी म्हणालो, "तुमचा संशय अजून माझ्यावर असेल तर सरळ सांगा."

"दोन प्रकारचा मनुष्य हा शर्ट गायब करील," त्या म्हणाल्या. "एक, ज्याला माहीत आहे की डाग रंगाचा आहे आणि ज्याला लांब्या अडकलेला हवाय. म्हणजे खरा खुनी किंवा त्याचा कोणी. दुसरा, ज्याला डाग रक्ताचा वाटतो आणि लांब्या सुटलेला हवाय. पहिल्याचा लांब्यावर विश्वास आहे, जीव नाही. दुसऱ्याचा जीव आहे, विश्वास नाही. तुम्ही दोन्हींत बसत नाही. तुम्हाला कशाचंच काही नाही."

हा माझा बचाव होता की अपमान, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

"आता मला पिशव्यांचा प्रवास सांगा," त्या म्हणाल्या. "तुमच्या कोठारातून त्या कधी बाहेर पडतात?"

मी सांगितलं. कोर्टाची तारीख असली की सकाळी त्या त्या कैद्यांच्या पिशव्या फाटकाजवळच्या खोलीत जातात. तिथे सील तोडतात, कैदी कपडे बदलतात. कोर्टातून परत आले की पुन्हा बदलतात आणि पिशव्या संध्याकाळी माझ्याकडे येतात. मी वरवर बघून, कपडे न मोजता, नवं सील लावतो. तेवढा दिवसभर पिशव्या उघड्या असतात आणि फाटकाबाहेर नातेवाइकांची झुंबड असते.

"त्या खोलीत कोण असतं?"

उत्तर द्यायला मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. मी म्हणालो, "तारखेच्या दिवशी तिथेही धुलाईखान्याचाच हवालदार."

४

पण बाईंनी हवालदाराला लगेच बोलावलं नाही. त्या माझ्या कोठारात गेल्या आणि फडताळातून एकेक कपडा काढून कॉलरी उलटायला लागल्या. मी लावलेल्या घड्या विस्कटताना बघून माझा जीव तीळतीळ तुटत होता. सात-आठ कपडे झाल्यावर त्यांनी आकाशी शर्ट त्यांच्याशेजारी ठेवला.

"या सगळ्या पट्ट्या तुम्ही शिवल्या?"

"किती वेळा सांगू?"

"सगळ्या फक्त वरून शिवल्यात. खाली बोट घातलं की वर उचलतात. का?"

"नियम आहे. तीन बाजू मोकळ्या ठेवायच्या. चारही बाजूंनी शिवली की पट्टीचा खिसा होतो, त्यात दाढीचं पातं सहज बसतं. झडतीत हाताला लागत नाही. इथला कोणीही अशी शिवणार नाही, कैदीसुद्धा नाही. सापडला तर हाडं मोडतील."

"मग ही कोणी शिवली?"

मी शर्टाची कॉलर बघितली. त्या पट्टीवर क्रमांक माझ्या अक्षरातला होता, पण चारही कडांना बारीक, सुबक हातशिलाई होती. अशी शिलाई मला जन्मात आली नसती. मी पट्टीवर फक्त आकडा वाचत आलो होतो, टाके कधी बघितलेच नव्हते.

"ही पट्टी माझी आहे," मी म्हणालो, "पण टाके माझे नाहीत."

"बरोबर. कोणीतरी तुमचे टाके उसवले आणि पट्टी पुन्हा लावली. आता मला सांगा, नुसता शर्ट धुवायचा असेल तर पट्टी उसवायची काय गरज?"

"काहीच नाही."

"पट्टी उसवायची गरज एकाच कारणानं पडते. ती दुसऱ्या शर्टाला लावायची असेल तर. हा लांब्याचा शर्ट नाहीच. तसाच दुसरा आहे." बाई पहिल्यांदा माझ्याशी माणसासारखं बोलत होत्या. "आणि आता पुढचा विचार करा. शर्ट बाहेर नेला तो डाग काढायला. डाग निघाला असता तर तोच शर्ट धुवून परत ठेवला असता. दुसरा आणायचे कष्ट कोण घेईल?"

"म्हणजे डाग निघाला नाही."

"निघाला नाही. आणि तो जिथे कुठे असेल तिथे अजून आहे, जाळला नसेल तर."

मग त्यांनी हवालदाराला बोलावलं. तो नेहमीप्रमाणे ताठ येऊन उभा राहिला. खाकी गणवेशाच्या बाह्यांना धार लागावी अशी इस्त्री.

"छान आहे इस्त्री," बाई म्हणाल्या. "कोण करतं?"

"बायको."

"घरी जाऊन विचारू का त्यांना?"

हवालदाराचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याला काही मदत करणार नव्हतो. बाईंनी आकाशी शर्टाची बाही त्याच्या बाहीशेजारी धरली. दोन्हीकडे रेघ खांद्याच्या शिवणीपासून जराशी मागे सुरू होऊन मनगटाकडे पुढे येत होती. एकाच हाताची सवय होती ती.

"मी पैसे घेतलेले नाहीत," हवालदार म्हणाला. "ती म्हातारी रोज फाटकाशी यायची. म्हणाली, पोराचा शर्ट मळलाय, धुवून आणते. मी म्हटलं नाही जमणार. मग म्हणाली, तुमचे कपडे पण द्या, जिन्याखाली माझं इस्त्रीचं टेबल आहे. मला काय माहीत त्या शर्टाचं पुढे एवढं होणार ते? तेव्हा कोर्टाचा हुकूम कुठे होता? एका तारखेला नेला, पुढच्या तारखेला आणून दिला. स्वच्छ होता, मला बरंच वाटलं. हुकूम आला तेव्हा कळलं, पण तोवर..."

"तोवर तुम्ही मूग गिळून बसलात आणि खापर यांच्या डोक्यावर फुटू दिलंत."

"यानं माझ्यासाठी कधी काय केलंय?" हवालदार माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. आणि हे मात्र खरं होतं.

"कोण म्हातारी?" मी विचारलं, जरी मला उत्तर कळून चुकलं होतं.

५

जिन्याखालची ती जागा इतकी बुटकी होती की उभं राहिल्यावर माझं डोकं पायरीला लागत होतं. एक टेबल, वर जाड अंथरलेली जुनी कापडं, कोळशाची इस्त्री, आणि बाजूला लोकांच्या कपड्यांचे ढीग. लांब्याची आई आम्ही आल्यावरही थांबली नाही. बाईंनी ओळख सांगितली तरी तिनं हातातली चादर पुरी केली.

"मावशी, शर्ट कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"कसला शर्ट?"

"मावशी, हवालदारानं सगळं सांगितलंय."

"मग त्यालाच विचारा."

"तुमचा मुलगा जन्मभर आत राहील."

"राहू दे," ती म्हणाली, आणि इस्त्री इतक्या जोरात खाली ठेवली की निखारे उडाले. "तुम्हाला काय करायचंय? आधी पकडताना कोणी विचारलं नाही. आता कोर्ट, शर्ट, डाग. मी धुतला. मी जाळला. लिहून घ्या आणि न्या मला."

मला वाटलं, संपलं. शर्ट गेला, लांब्याही गेला. पण टाचणीबाई टेबलाच्या कडेला टेकल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला वाटलं त्यानंच मारलं."

म्हातारीनं इस्त्री पुन्हा हातात घेतली.

"आईला तसं वाटू शकतं," बाई म्हणाल्या.

"याच्या बापाचा हात असाच उठायचा," म्हातारी म्हणाली. ती आता आमच्याशी बोलत नव्हती, इस्त्रीशी बोलत होती. "त्या दिवशी माझं सामान रस्त्यात पडलं आणि हा ओरडला, तेव्हा याचं तोंड हुबेहूब बापाचं झालं. मी घाबरले. दुसऱ्या दिवशी घरमालक मेला. शर्ट लाल. मी दुसरं काय समजू? म्हटलं, मारलं तर मारलं, पोरगा माझा आहे. डाग काढते. आयुष्यभर लोकांचे डाग काढले, हा एक आपल्या घरातला."

"आणि मग?"

"गार पाण्यात भिजवला. रक्त गार पाण्यात सुटायला लागतं, पाणी तांबूस होतं. पाणी तसंच राहिलं. मीठ लावलं, सोडा लावला, हातानं घासघास घासला. इकडचा तिकडे हलेना. मग रॉकेलचा बोळा लावला." ती थांबली. "बोळा लाल झाला."

"रॉकेलनं रक्त सुटत नाही," बाई म्हणाल्या.

"रंग सुटतो."

जिन्यावरून कोणीतरी धाडधाड उतरून गेलं. धूळ आमच्या अंगावर पडली.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं, तो खरं बोलतोय म्हणून?"

"कळलं."

"आणि तरी दुसरा शर्ट आणून ठेवलात?"

"तोच परत दिला असता तर पोरानं बघितला असता," ती म्हणाली. "घासून पांढरा पडला होता डागाभोवती. विचारलं असतं, आई, कोणी घासला? का घासला? काय सांगणार होते मी? तुला खुनी समजले म्हणून? तो प्रत्येक भेटीला म्हणतो, आई, तुझा तरी माझ्यावर विश्वास आहे. प्रत्येक भेटीला. मला वाटलं, डागच नाही तर भीती पण नाही, सुटेल आपोआप. आणि वकील म्हणाला की सगळं त्या शर्टावर आहे, तेव्हा माझी जीभ उचलली नाही."

मला या म्हातारीचा संताप आला. एवढा संताप मला बगळ्याचाही कधी आला नव्हता, हवालदाराचाही नाही. पोटच्या पोराला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून त्याला जन्मभर कोंडून ठेवायला निघाली होती ती.

"जाळला नाहीत ना?" टाचणीबाईंनी विचारलं.

म्हातारीनं टेबलावरची कापडं एकेक उचलायला सुरुवात केली. जुनी चादर, घोंगडी, फाटकं धोतर, पुन्हा चादर. सगळ्यात खाली, लाकडाला चिकटून, आकाशी शर्ट पसरलेला होता. रोज लोकांचे कपडे ती त्याच्यावर ठेवून इस्त्री करत होती. छातीवर विटेसारखा लाल डाग, आणि त्याच्याभोवती घासून घासून विरलेलं कापड.

मी हात पुढे केला. बाईंनी मला अडवलं.

"हा नुसता नेऊन उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "सरकारी वकील म्हणेल, इतके दिवस घरी होता, डाग नंतर लावला. हवालदारानं सांगावं लागेल की डागाचा शर्ट त्यानं दिला. आणि मावशी, तुम्हाला सांगावं लागेल की तो तुम्ही का नेलात, कसा घासलात, आणि कळल्यावर काय केलंत. सगळं. पुरावा दडवल्याचा खटला तुमच्यावर होईल तो वेगळा. आणि तुमचा मुलगा तिथे बसलेला असेल."

म्हातारी म्हणाली, "मला तुरुंगात घाला. त्याला सांगू नका."

"दोन्ही एकत्र नाही जमणार."

६

बाईंचं म्हणणं होतं की कोर्टात ऐकण्याआधी लांब्यानं ते आईकडून ऐकावं. माझं मत कोणी विचारलं नव्हतं. भेटीच्या खोलीत मधे जाळी, एका बाजूला लांब्या, दुसऱ्या बाजूला म्हातारी. मी दाराशी उभा होतो.

तिनं सगळं सांगितलं. रडली नाही. लांब्या ऐकताना जाळीत बोटं अडकवून उभा होता. ती थांबल्यावर त्यानं बोटं सोडली.

"रॉकेल लावलंस तेव्हा कळलं."

"हो."

"त्यानंतर तू इथे किती वेळा आलीस?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"समोर बसून मला विचारायचीस, जेवतोस ना, झोपतोस ना. आणि शर्ट तुझ्या टेबलाखाली."

"मला वाटलं तू मला टाकशील."

"टाकलं," लांब्या म्हणाला. "कोर्टात ये, साक्ष दे, मला सोडव. तेवढं तुझ्याकडून येणं आहे. पण माझी आई म्हणून येऊ नको. तिथे कोणी विचारलं तर माझं नाव तुझ्या तोंडून येऊ देऊ नको. साक्षीदार आहेस, साक्षीदारासारखी ये."

पाठ फिरवून तो शिपायाला म्हणाला, ने मला.

मी कोर्टात साक्षीला होतो, पट्टीच्या टाक्यांसाठी. माझ्या आधी हवालदार झाला. घाम पुसत पुसत त्यानं सगळं कबूल केलं, आणि त्याच आठवड्यात निलंबित झाला. मला वाईट वाटलं असं खोटं लिहिणार नाही. शर्ट तपासणीला गेला. डाग लोखंडाच्या रंगाचा निघाला, रक्ताचा अंशही नाही. नोटीस गेल्यावर वेल्डिंगवाल्यालाही वार आठवला. लांब्या सुटला. म्हातारीवर वेगळा खटला चालला आणि तिला शिक्षा झाली, थोडी. हे सगळं नंतरचं.

पण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ती म्हातारीची साक्ष. ती पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा कठड्याच्या वर जेमतेम तिचं डोकं दिसत होतं. कारकुनानं नाव विचारलं, तिनं सांगितलं. काम विचारलं, सांगितलं. मग तो म्हणाला, "आरोपीशी नातं?"

ती गप्प राहिली.

"आरोपी तुमचा कोण लागतो?"

तिनं लांब्याकडे बघितलं. तो समोर भिंतीकडे बघत होता. कारकुनानं लेखणी आपटली. न्यायाधीश चष्मा काढून म्हणाले, "बाई, उत्तर द्यावं लागेल. नातं काय?"

तिचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. आई म्हणून येऊ नको, असं त्यानं बजावलं होतं, आणि ती ते पाळत होती. सरकारी वकील खुर्चीतून अर्धा उठला. अशी साक्ष ऐकू नये म्हणणार हे दिसतच होतं. माझ्या शेजारी टाचणीबाईंनी हातातला रुमाल घट्ट धरला.

"आई," लांब्या म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो उभा होता. चेहऱ्यावर माया नव्हती, राग जसाच्या तसा होता.

"आई आहे ती माझी. लिहा," तो कारकुनाला म्हणाला. "आणि आता पुढचं विचारा तिला. सगळं विचारा."

म्हातारीनं कठडा दोन्ही हातांनी धरला आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला सुरुवात केली. "मला वाटलं, यानंच मारलं."